सभासद क्रमांक एकशे सत्तेचाळीस

मी भित्र्या स्वभावाची नाही, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या लायब्ररीत वीस वर्षं काढली आहेत. पुस्तकाची पानं फाडून खिशात घालणाऱ्या पोरांना मी दारात अडवलं आहे आणि वर्षानुवर्षं पुस्तकं घरी ठेवून बसलेल्या प्राध्यापकांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं आहे. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे घरातसुद्धा शिंकायची चोरी, लगेच शांततेची पाटी दाखवशील. तर अशी मी, एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला इतकी घाबरले की हातातला चहाचा कप कुठे ठेवावा हेही कळेना. ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय आमच्याच शास्त्रातला: खेड्यातल्या सार्वजनिक वाचनालयांतून बायका काय वाचतात आणि किती वाचतात. माझे मार्गदर्शक सर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "शहरातल्या वाचकांवर ढीगभर प्रबंध पडलेत. तू जरा बाहेर पड." मी पडले. जिल्ह्यातली चार वाचनालयं निवडली. त्यांतलं एक घोटीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या गावात होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही.

दर रविवारी नाशिक रोडहून एसटीने घोटी आणि घोटीच्या बाजारातून जीप, असा माझा दीड वर्षाचा परिपाठ होता. भाताच्या गिरण्या मागे पडल्या की पुढे फाट्यावर उतरायचं आणि अर्धा मैल चालायचं. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या, पत्र्याची सहा कपाटं, एक लांब टेबल आणि बाहेर चपलांसाठी फरशी, एवढं ते वाचनालय. तिथले ग्रंथपाल साठीकडे झुकलेले. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायला लागले. ते मला ताई म्हणायचे. पगार नावापुरता, घरची भातशेती, पण सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडायची वेळ त्यांनी कधी चुकवल्याचं मी पाहिलं नाही.

त्या वाचनालयाची एक रीत होती. सभासदत्व माणसाला नव्हतं, घराला होतं. एका घराचा एक नंबर, मग त्या नंबरावर आजोबा धार्मिक ग्रंथ नेवोत, पोरं गोष्टींची पुस्तकं नेवोत किंवा सुना मासिकं नेवोत. चाळीसेक वर्षं तेच नंबर चालत आलेले. त्यामुळे भाऊ माणसांना नंबरानेच हाक मारायचे. "ओ बावन्न, तुमचं मासिक आलंय." "एकोणनव्वद, तीन आठवडे झालं, लोकं थांबलीत त्या पुस्तकाला." नंबर गावात मुरला होता. बायका पाणी भरताना एकमेकींना चेष्टेने नंबरानेच बोलवायच्या. मला ते फार गोड वाटलं. माझ्या वहीत मी लिहूनही ठेवलं: वाचनालयाविषयी गावाला असलेल्या आपुलकीचं हे लक्षण होय.

त्याच वहीत, आठ-दहा पानं पुढे, मी संशोधनपद्धतीच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा केला होता. त्यात एक वाक्य होतं: वाचकांची ओळख गोपनीय राहावी म्हणून नावांऐवजी सभासद क्रमांक वापरले आहेत. सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारून समासात 'छान' लिहिलं. मलाही ते वाक्य आवडलं होतं. ही दोन पानं शेजारी ठेवून बघायची बुद्धी मला झाली नाही. वीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावणाऱ्या बाईला झाली नाही.

भाऊंची देवघेवीची रजिस्टरं म्हणजे माझ्यासाठी खजिना होता. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तक, आणि शेवटच्या रकान्यात स्त्री, पुरुष की बाल, कारण वार्षिक अहवालात तसं दाखवावं लागतं. मी टेबलाशी बसून नोंदी उतरवायची आणि वयोगट भाऊंना विचारून घालायची. बरेचसे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे निघत होते: पाककृती, मासिकं, पोथ्या, थोड्या कादंबऱ्या. आणि मग एकशे सत्तेचाळीस सापडली. स्त्री, वय वीस ते तीस. तिने वर्षभरात एकच पुस्तक चार वेळा नेलं होतं. पोटगीच्या कायद्यावरचं, साध्या मराठीत लिहिलेलं पातळसं पुस्तक होतं ते. मधल्या काळात बायकांच्या कायद्यांवरचं आणखी एक आणि नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचं मार्गदर्शक.

त्या दिवशी मी आनंदाने खुर्चीतून उठले होते. पुनर्वाचन, तेही खेड्यातल्या तरुण बाईचं, तेही माहितीपर पुस्तकाचं! प्रबंधाला लागतो तसा दाणा हाती आला होता. सरांना त्याच दुपारी फोन केला आणि तेही खूश झाले. पोटगीचं पुस्तक चार वेळा कुणी हौसेने नेत नाही, हा विचार आमच्या दोघांच्याही मनाला शिवला नाही.

वाचनालयाचा वर्धापनदिन आला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्यावर एवढा अभ्यास केला, तर गावालाही दाखवा की." मला कुणी असं सांगायचीच वाट पाहत होते म्हणा ना. नाशिकमधून तक्त्याचा मोठा फ्लेक्स छापून घेतला. वर मथळा: आपलं गाव, आपलं वाचन. खाली सभासद क्रमांकानुसार सगळ्या नोंदी, आणि एकशे सत्तेचाळीसची ओळ पिवळ्या रंगात, उठून दिसेल अशी. सर प्रमुख पाहुणे म्हणून आपली गाडी घेऊन येणार होते. मी नवी साडी नेसले होते. भाऊंनी फ्लेक्स पाहिला तो दारातून, उलट्या बाजूने, खुर्च्या उतरवता उतरवता. त्या गडबडीत त्यांनी तो वाचला नाही आणि मीही वाचायला थांबवलं नाही.

कार्यक्रमाआधी लोक फ्लेक्ससमोर उभे राहून बघत होते. म्हातारे आपापला नंबर शोधून हसत होते. एक तिशीचा माणूस मात्र बराच वेळ उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, बोलणं अगदी अदबीचं. पिवळ्या ओळीवर बोट ठेवून त्याने मला विचारलं, "मॅडम, ही ओळ अशी रंगवलेली का हाये?"

मला भरतंच आलं. म्हटलं, "ही ओळ म्हणजे तुमच्या गावाचं भूषण आहे. इथलीच एक तरुण बाई आहे, तिने एकच पुस्तक वर्षात चार वेळा नेलंय. असं वाचन शहरातही दिसत नाही."

"असं? काय असतं त्या पुस्तकात येवढं?"

आणि मी सांगितलं. शिकवायची सवय लागलेल्या माणसाने सांगावं तसं, मुद्देसूद. नवऱ्यापासून वेगळं राहायचं झालं तर अर्ज कुठे करायचा, कोणते कागद जवळ ठेवायचे, मुलांचं काय होतं, मारहाणीचा पुरावा कसा जपायचा. तो मान हलवत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आणि हे नर्सिंगचं?" मी म्हटलं, "म्हणजे पायावर उभं राहायची इच्छा दिसते." तो हसला. "भारी हाये," म्हणाला. मोबाइल काढून त्याने त्या ओळीचा जवळून एक फोटो घेतला, मला हात जोडले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसला.

भाऊ चहा घेऊन आले. माझा चेहरा खुललेला होता. म्हटलं, "भाऊ, तुमच्या गावात अजून चौकस माणसं आहेत हो." भाऊंनी फ्लेक्सकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांची नजर पिवळ्या ओळीवर थांबली आणि मग तिसऱ्या रांगेकडे गेली.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "त्यांनी काय इचारलं तुम्हाला?"

मी सांगितलं.

"ताई, एकशे सत्तेचाळीस म्हंजे त्यांचंच घर. त्या घरात तरुण बाई एकच हाये. त्यांची बायको."

माझ्या छातीत धस्स झालं, असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे आधी काहीच झालं नाही. मी चहाचा घोट घेतला. मग तो कप कुठे ठेवावा ते कळेना. आणि सगळ्यात पहिला विचार मनात आला तो तिचा नव्हता. आता हा माणूस तक्रार करेल आणि माझा प्रबंध अडकेल, असा विचार आला. लिहायला लाज वाटते, पण तोच आला.

भाऊ मला कपाटांच्या मागे घेऊन गेले. "ती मंगळवारी येती, बाजाराच्या टायमाला. पाच मिन्टं. पुस्तक पिशवीत तांदळाच्या खाली घालून नेती. मला कधी बोलली नाय अन् मी कधी इचारलं नाय. मागल्या साली हात पिलॅस्टरमधी होता तिचा. इहिरीवर घसरले म्हणली. ताई, तवा गावात नळ येऊन दोन वर्षं झाली होती. इहिरीवर कोण जातंय?"

"मग तुम्ही रजिस्टरमध्ये लिहिलं कशाला?" मी त्यांच्यावरच चिडले. घाबरलं की मी चिडते, हा माझा जुना दोष.

"रजिस्टर माझ्या कपाटात असतंय, ताई," ते म्हणाले. "भिंतीवर नसतंय."

मी म्हटलं, फ्लेक्स आत्ता काढून टाकू. ते म्हणाले, काढला तर सगळ्यांनाच कळेल काहीतरी हाये, आणि फोटो तर त्यांच्या खिशात गेला. मी म्हटलं, तिच्या घरी जाऊन तिला सावध करू. ते म्हणाले, आपण दोघं तिच्या दारात उभे राहिलो तर मग इचारायलाच नको, शेजारपाजार बघतो. फोन करू म्हटलं तर फोन नवऱ्याच्या नावावर, सासूच्या हातात. एकेक वाट बंद होत गेली आणि बाहेर माइकवर अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं.

व्यासपीठ म्हणजे चार फळ्या जोडून केलेला उंचवटा होता. त्यावर चढताना साडीची निरी पायात आली. समोर साठ-सत्तर माणसं, बाजूला सर हसऱ्या चेहऱ्याने, आणि तिसऱ्या रांगेत तो, मांडीवर मोबाइल ठेवून. त्याची बायको तिथे नव्हती. ती घरी होती, आणि कार्यक्रम संपला की हा उठून घरी जाणार होता. एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात चालली होती. मला तिचा चेहराही माहीत नव्हता. ती मंगळवारी यायची आणि मी रविवारी.

खोटं बोलायचं ठरलं होतं, पण कसलं ते ठरलं नव्हतं. पहिल्यांदा सुचलं ते असं: छापणाऱ्याच्या चुकीने आकड्यांचा रकाना एक ओळ खाली सरकला आहे. सोपं होतं, पटण्यासारखं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नजर पहिल्या रांगेत गेली. तिथे एक पोरसवदा बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती, आणि सकाळीच भाऊंनी तिला हाक मारलेली मी ऐकली होती: "एकशे शेहेचाळीस, पोराला घेऊन पुढं बसा." रकाना सरकला असता तर पिवळी ओळ तिच्या घरात गेली असती. तिचा नवरा कसा होता ते मला ठाऊक नव्हतं. कुठलाही नंबर घेतला तरी तिथे एक घर होतं, आणि घरात एक बाई होती.

मग मी म्हणाले, "तक्त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे. ती पिवळी ओळ या गावातल्या कुणाची नाही. ती माझी आहे."

मी बोलत राहिले. म्हटलं, भाऊंच्या नोंदी बरोबर होतात का ते तपासायला मी वेगवेगळ्या नंबरांवर स्वतःच पुस्तकं नेली, त्यांना न सांगता, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींच्या हाती मागवून. त्या चाचणीच्या नोंदी तक्त्यातून काढायच्या राहून गेल्या. मघाशी मी कुणाकुणाला तिथल्या तिथे काही सांगितलं असेल तर तेही चुकून, मला ओळ आठवली नाही. पोटगीचं पुस्तक मी नेलं होतं. चारही वेळा.

मागून कुणीतरी म्हातारीने विचारलं, "चार येळा का गं, बाई?"

मी म्हटलं, "ती माझ्या घरातली गोष्ट आहे, आजी. इथे सांगत नाही."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली आणि बऱ्याच नजरा माझ्या गळ्याकडे वळल्या. माझा बिचारा नवरा त्या वेळी नाशिक रोडला कुकरच्या शिट्ट्या मोजत बसला असेल. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. आमच्या शास्त्रात खोट्या नोंदी घालून त्या काढायला विसरणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मी मात्र तिसऱ्या रांगेकडेच बघत होते. त्याने मोबाइल उचलला, स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मोबाइल मांडीवर ठेवला. चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला. पुन्हा तोच अदबीचा आवाज. "मॅडम, येवढ्या लांब येऊन आमच्या गावातून पुस्तक नेलं? नाशकात नाय का मिळत?"

"नाशकात ओळखीची माणसं असतात," मी म्हटलं. "लायब्ररीत तर सगळीच."

त्याने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "बरोबर हाये," आणि चप्पल घालून निघाला. घाई नव्हती त्याच्या चालण्यात. रस्त्याच्या वळणापर्यंत मी त्याला पाहत होते. त्याला खरंच पटलं होतं, की पटल्यासारखं दाखवून तो मला फक्त वाटेला लावत होता, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

परत येताना मी सरांच्या गाडीत होते; वाटेतलं वाडीवऱ्हे गाव मागे पडलं. मग सर म्हणाले, "या चाचणीच्या नोंदी तू कधी केल्यास?" मी सगळं सांगितलं. गाडी कडेला घेऊन ते बाटलीतलं पाणी प्याले. शेवटी म्हणाले, "ते गाव प्रबंधातून काढून टाक. सगळी आकडेमोड परत कर. वर्ष जाईल." समासातल्या 'छान'बद्दल ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. उरलेल्या तिन्ही गावांची सभासद क्रमांकांची परिशिष्टं मी त्याच आठवड्यात फाडली.

पुढचे दिवस कसे गेले ते नवऱ्याला विचारावं. सकाळी पेपर आला की मी आधी ग्रामीण पान काढायची आणि त्या गावाचं नाव शोधायची. नाव नसलं की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग वाटायचं, छापून येण्याजोगं होईपर्यंत कुणी छापतच नाही. लायब्ररीत काउंटरवर कुणी मुलगी पुस्तक पुढे करून उभी राहिली, की मी पुस्तकाचं नाव वाचायचं टाळायची. संगणकावर तिच्या खात्यात गेल्या तीन वर्षांची यादी दिसायची. इतकी वर्षं रोज दिसत होती, पण आता ती दिसली की मी लगेच बंद करायची. शिपाई म्हणाला, मॅडम, तब्येत बरी नाही का. मी त्याच्यावर खेकसले.

भाऊंना रोज फोन करायची. पहिला मंगळवार गेला. "आली नाय, ताई." दुसरा गेला. "नाय." पुस्तक तिच्याकडेच होतं. त्यांच्या बोलण्यात काही ठपका नसायचा आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी आणखी एक सांगितलं. "बाकीच्या बाया बी येईनाश्या झाल्यात. मासिकं तशीच पडून हायेत. भिंतीवर लागंल म्हणत्यात." त्यानंतर मीच फोन करायचं थांबवलं. ते दुसरं काही सांगतील याची मला भीती वाटायला लागली होती.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, रजा टाकून गेले. फाट्यावर उतरून चालताना दोनदा वाटलं, परत फिरावं. वाचनालयाच्या बाहेरच्या फरशीवर मात्र चपला होत्या. बायकांच्या चपला, सात-आठ जोड.

मी दारात थांबले. आत बायका कपाटांशी उभ्या होत्या. एकीने पुस्तक काढलं, पिशवीत घातलं आणि भाऊंकडे न बघता बाहेर गेली. दुसरीने एक परत आणून कपाटात स्वतःच ठेवलं, तेही चुकीच्या कप्प्यात. भाऊ टेबलाशी पेपर वाचत बसले होते. टेबलावर रजिस्टर नव्हतं. बायका गेल्यावर मी आत जाऊन बसले आणि विचारलं, "भाऊ, नोंद?"

"करत नाय आता."

"अहो, तपासणीला काय दाखवाल? वाचनालयाचा दर्जा जाईल. अनुदान जाईल."

"जाईल," ते म्हणाले. पेपरची घडी घातली. "पुस्तकं बी जातील काही. बघू."

एक ग्रंथपाल म्हणून मला हे ऐकवत नव्हतं आणि एक बाई म्हणून त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी उठून कायद्याच्या कप्प्याकडे गेले. पोटगीचं ते पातळ पुस्तक तिथे नव्हतं. ते अजून तिच्याकडे आहे, की परत येऊन दुसरीकडे गेलं, की चुलीत गेलं, हे सांगणारी एकही ओळ आता कुठे नव्हती. मी परत टेबलाशी आले.

"भाऊ, ती बरी आहे ना? मला बाकी काही नको. कुठे आहे, काय करते, काही नको. फक्त बरी आहे एवढं सांगा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, पण आतापर्यंत ज्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघायचे ते हे डोळे नव्हते.

"तिचा नवरा दोनदा येऊन गेला," ते म्हणाले. "कोण काय नेतं, कवा नेतं, इचारत व्हता. लय गोड बोलला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"जे त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, मॅडम. मला म्हाईत नाय."

एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्याले. त्या गावात ज्यांच्यापासून तिला लपवून ठेवायचं होतं, त्यांच्यात आता मीही होते, आणि तसं करण्यात भाऊंचं काहीही चुकलेलं नव्हतं.